नववा ठोकळा

"सुरू," सबनीस मॅडम म्हणाल्या आणि गळ्यातल्या घड्याळाचं बटण त्यांनी दाबलं.

शाळेच्या ऑफिसामागच्या खोलीत एका टेबलाभोवती आम्ही चौघं बसलो होतो. प्रत्येकासमोर नऊ लाकडी ठोकळे. त्यांच्या काही बाजू लाल, काही पांढऱ्या, काही अर्ध्या लाल अर्ध्या पांढऱ्या. टेबलाच्या मधोमध एका पुठ्ठ्यावर फिरकीसारखी नक्षी होती. ठोकळे जुळवून हुबेहूब तशी नक्षी करायची, एवढंच काम. झालं की हात वर.

मला ते इतकं सोपं वाटलं की हसूच आलं. आठ ठोकळे मी भराभर लावले. नववा उचलला, मुठीत धरला आणि मान वर करून बाकीच्यांकडे बघत बसले.

समोरच्या दोघांचे हात पटापट वर गेले. राहिला ओजस. ओजस पाटणकर म्हणजे दातांच्या डॉक्टरांचा मुलगा. वर्गात माझ्या पुढच्या बाकावर बसायचा, आणि आदल्याच आठवड्यात त्यानं माझ्या वासाच्या खोडरबराचे चावून दोन तुकडे केले होते. त्याच्याबद्दल मला काडीचं प्रेम नव्हतं. जीभ बाहेर काढून तो एकेक ठोकळा उलटापालटा करत होता. अखेर त्याचा शेवटचा ठोकळा टेबलावर आला, आणि त्याच क्षणी माझाही. टक. दोघांचा मिळून एकच आवाज.

मी मॅडमकडे बघितलं. आता शाबासकी येणार, याची मला खात्रीच होती. त्या खाली मान घालून काहीतरी लिहीत होत्या.

दुसऱ्या नक्षीला तेच झालं. तिसरी जरा अवघड होती. तिथं ओजस अडकला. त्याचे तीन ठोकळे राहिले, मग तो ते सगळंच मोडून पहिल्यापासून करायला लागला, मग त्याचा ओठ थरथरायला लागला. मी आपली नववा ठोकळा मुठीत धरून बसलेली. मुठीला घाम आला.

"वेळ संपली," मॅडम म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे वाकून बघितलं. "सरगम, एकच राहिला ना गं? कुठे ठेवायचा ते कळलं नाही का?"

"कळलं."

"मग?"

मला वाटलं, या मुद्दाम विचारतायत. मी ओजसकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "बरं," असं म्हणून त्यांनी पुन्हा लिहिलं.

तेव्हा मी दुसरीत होते. आता दहावीत आहे. फार बोलते म्हणून घरीदारी बोलणी खाते, आणि खरं सांगायचं तर अलीकडे ती बोलणी मला आवडायला लागली आहेत. पण ही गोष्ट मी बोलायला लागायच्या आधीची आहे. तेव्हा मी मोठ्या माणसाला उलटून एकदाच बोलले होते.

तर, विट्यातली आमची शाळा. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर मोहिते सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, वरच्या मजल्यावर 'प्रज्ञा वर्ग' काढायचं ठरवलं. दुसरीतली हुशार मुलं निवडायची, त्यांना वर बसवायचं, दहावीपर्यंत त्यांचा वेगळा अभ्यास, वेगळ्या टीचर. निवडायला पुण्याहून सबनीस मॅडम आल्या होत्या. वरची खोली आम्ही दाराच्या फटीतून बघून आलो होतो. तिथं गोल टेबलं होती, रंगीत खुर्च्या होत्या, आणि आतून दिवा लागणारा पृथ्वीचा गोल होता. तो गोल बघितल्यापासून मला रात्रंदिवस वर जायचं होतं. आमच्या वर्गातून शेडगे बाईंनी ज्यांची नावं कळवली, त्यात पहिलं नाव माझं होतं.

मला गोष्टी आल्या, आकडे आले, चित्रांतलं चुकलेलं काय तेही सगळं आलं. पण ठोकळ्यांत तिन्ही नक्ष्या पुऱ्या झाल्याशिवाय बाकीचं धरतच नव्हते. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी प्रार्थनेनंतर मोहिते सरांनी निवडलेल्या मुलांची नावं वाचली. ज्याचं नाव येईल तो पुढं जाऊन उभा राहायचा. नावं संपली. मी होते तिथंच होते. माझ्या पुढं ओजसही होता तिथंच होता, आणि तो सगळ्या शाळेसमोर मोठ्यानं रडायला लागला. मी रडले नाही. मला वाटलं, सरांची एक ओळ वाचायची राहिली असेल.

दुसऱ्या दिवशी कळलं की ओजसच्या पप्पांचा सरांना फोन गेला, आणि शनिवारी मॅडम येतील तेव्हा ओजसला पुन्हा बसवायचं ठरलं. हे ऐकल्याबरोबर शेडगे बाई ऑफिसात गेल्या. त्या फार न बोलणाऱ्या, पांढरी साडी, चपला घासत चालायच्या. त्या आत काय म्हणाल्या ते शिपाईमामांनी नंतर सगळ्या गावाला सांगितलं. "एकाला पुन्हा बसवताय ना सर? मग दोघांना बसवा." एवढंच म्हणाल्या आणि उत्तर येईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.

शेवटी सर हो म्हणाले. मग पप्पांना शाळेत बोलावलं.

पप्पांचा ब्रास बँड आहे. लग्नसराई सुरू झाली होती, त्या दिवशी दुपारी त्यांची खानापूरच्या लग्नाची सुपारी होती, म्हणून ते तसेच ड्रेसवर आले. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, काखेत टोपी. गेटवर शिपाईमामा म्हणाले, "मास्तर, नवरदेव कुठं सोडला?"

"नवरदेव न्हाई, नवरी हाय आमची," पप्पा म्हणाले. "दुसरीत."

वर्गाबाहेर व्हरांड्यात शेडगे बाई, पप्पा आणि मी. बाई पप्पांना म्हणाल्या, "आवळे, मला एक कळत नाही. तिन्ही वेळेला हिनं आठ ठोकळे सगळ्यांच्या आधी लावले. मॅडमनी तसं लिहिलंय. आणि शेवटचा हातात धरून बसली. दोनदा उशिरा ठेवला, तिसऱ्यांदा ठेवलाच नाही. मॅडमना वाटलं, घाबरली."

"घाबरली?" पप्पांनी माझ्याकडे बघितलं. "का गं?"

"नाही."

"मग ठेवला का न्हाईस?"

"ओजसचं राहिलं होतं."

बाई हसल्या. "अगं, त्याचं राहिलं तर तुझं काय?"

पप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी काखेतली टोपी या काखेतून त्या काखेत घेतली. "बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "शनिवारी बसवा तिला. मी बघतो." आणि माझ्याकडे न बघता गेटकडं चालायला लागले.

संध्याकाळी सुपारीवरून आल्यावर पप्पांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सराव लावला. पुढच्या आठवड्यात मोठं लग्न होतं आणि बबनदादा नवा होता. क्लॅरिनेटवर त्याची बोटं अशी पळायची की गाणं त्याच्या मागं धावायचं. मी खुळखुळे घेऊन ढोलाशेजारी बसले होते. सरावात खुळखुळे माझ्याकडं असायचे, सुपारीला मात्र न्यायचे नाहीत.

गाणं संपत आलं. पप्पांनी हात वर केला. बबनदादा भर्रकन येऊन शेवटचा सूर लावून मोकळा झाला. बाकीचे सगळे अजून मागंच होते.

पप्पांनी वाजवणं थांबवलं. "बबन, पळालास?"

"पळालो वाटतं, मास्तर."

"पळालास त्याचं काय न्हाई. बोटं हायत, पळणारच. पर शेवटच्या सुराच्या अलीकडं हुबा ऱ्हा. मागचा येऊ दे. सगळे आले की माझा हात खाली येईल. शेवटचा सूर एकट्यानं लावायचा न्हाई."

"मग मी पण तेच केलं ना," मी म्हणाले.

मग ढोलवाले तात्या खो खो हसायला लागले. "मास्तर, शाळंत जाऊन बँड वाजवून आली की पोरगी तुमची."

सगळे हसले. पप्पा हसले नाहीत. शेडच्या दारात आई उभी होती. तिनं चहाची किटली खाली ठेवली आणि मला हाताला धरून घरात नेलं.

"काय केलंस तू?"

मी सांगितलं. ओजस, ठोकळा, टक, सगळं. आईनं ऐकून घेतलं. मग पप्पा आत आले तेव्हा ती त्यांना म्हणाली, "तुमच्या बँडानं माझ्या पोरीचं वाटोळं केलं."

"अगं, मी काय केलं?"

"तुमीच शिकवलं की. आता तुमीच इसरवा." ती चुलीपुढं बसली आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "माझं लगीन झालं तवा वरातीत बत्ती डोक्यावर घिऊन बायकाच चालायच्या. मी चालले. पाच वर्सं. नवरदेवाच्या घोड्याम्होरं, समद्यांच्या उजेडात, आणि मंडपाच्या दाराशी गेलं की बत्ती खाली ठिवायची आणि भायेर बसायचं. आतनं जेवणाचा वास यायचा. एकदा बी कुणी म्हणलं न्हाई, आत ये. तुला आत जायचंय. कळलं का?"

"मला पण जायचंय," मी म्हणाले. "तिथं गोल आहे, आतून लाईट लागतो."

"मग झालं तर."

दुसऱ्या दिवसापासून पप्पांनी मला काड्यापेट्या दिल्या, नऊ. त्यांची नक्षी करायची. आठ झाल्या की ते म्हणायचे, "आता नववी ठेव. लगेच."

"कुणाचं राहिलंय?"

"कुणाचं न्हाई. तू एकटीच हायस."

"मग नक्षी कुणासाठी करायची?"

"मॅडमला दावायला."

"त्यांच्या पुठ्ठ्यावर आहे की आधीच."

पप्पा डोकं खाजवायचे. "सरगम, ती परीक्षा हाय. परीक्षेत आपलं आपण उरकायचं. तिथं बँड न्हाई."

"मग काय आहे?"

त्यांनी काड्यापेट्या पुन्हा माझ्यापुढं सरकवल्या. पण शुक्रवारपर्यंत मी नववी काड्यापेटी लगेच ठेवायला शिकले होते. ते खूश झाले. आईनं मला शनिवारी जाताना दह्याचं बोट चाटवलं आणि नवी रिबन बांधली.

शनिवारी ओजस माझ्या आधी आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात चॉकलेट होतं. "मी पास," तो म्हणाला. "माझ्या पप्पांनी तसलेच ठोकळे ऑनलाइन मागवले होते. मी रोज करत होतो. सोपं आहे, तू पण कर." त्या वेळी तो मला पहिल्यांदा बरा वाटला.

मग मला आत बोलावलं. बाईंनी विनंती केली म्हणून पप्पांना आणि त्यांना दाराशी उभं राहू दिलं. आज पप्पा साध्या शर्टात होते आणि त्यांना हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं.

तेच टेबल होतं. चार खुर्च्या, तीन रिकाम्या. सबनीस मॅडम छान हसल्या. त्या वाईट नव्हत्या, हे मी मुद्दाम सांगते. त्यांच्या आवाजात लहान मुलांशी बोलताना येतो तो खोटा गोडवा नव्हता. "शेडगे बाईंनी मला सांगितलं," त्या म्हणाल्या. "आज तू एकटीच आहेस. आज कुणाची वाट बघायची नाही. चालेल?"

मी टेबलाकडे बघितलं. "तुम्ही नाही करणार?"

"मी?"

"ठोकळे आहेत की." दुसरा डबा तिथंच पडला होता.

त्यांना गंमत वाटली. "बरं, मीही करते." त्यांनी डबा उघडला, ठोकळे समोर ओतले, घड्याळाचं बटण दाबलं. पुठ्ठ्यावर नवी नक्षी होती, मधे चौकोन आणि चारी बाजूंना टोकं.

मी आठ ठोकळे लावले. नववा उचलला. काड्यापेट्यांचा सराव होता, हात आपोआप खाली चालला होता. तेवढ्यात माझं समोर लक्ष गेलं. मॅडमचे चारच झाले होते. त्या एक ठोकळा इकडून तिकडून फिरवत होत्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली होती. थोडी जीभही बाहेर आली होती, ओजससारखी.

माझा हात वरच राहिला.

थोड्या वेळानं त्यांनी वर बघितलं. माझी नक्षी बघितली, मग माझी मूठ बघितली. "ठेव ना," त्या म्हणाल्या.

"तुमचं राहिलंय."

"माझं राहू दे. मला येतच नाही असं समज."

"येईल," मी म्हणाले. "मी थांबते."

मॅडमनी घड्याळ बंद केलं. मग खुर्ची मागं घेऊन त्या पप्पांना आणि बाईंना म्हणाल्या, "हिच्या बुद्धीचा प्रश्नच नाही. पण वरच्या वर्गात प्रत्येकानं आपापल्या वेगानं पळायचं असतं. तो वर्ग काढलाच त्यासाठी. ही प्रत्येक वेळी मागच्यासाठी थांबली तर नुकसान हिचंच आहे. आवळे, मला एवढंच बघायचंय, सांगितल्यावर ही पुढं जाते की नाही. गेली, तर मी आत्ता नाव देते."

"जाती की," पप्पा घाईनं म्हणाले. "सरगम. ठेव बाळा."

मी ठेवला नाही.

"ठेव म्हणतोय ना."

मी त्यांच्याकडे बघितलं. तेव्हा पप्पांनी एक केलं. त्यांनी उजवा हात वर केला. सरावात, वरातीत, गाणं संपत आलं की करतात तसा, बोटं जुळवून, सरळ खांद्याच्या वर. माझी पाठ आपोआप ताठ झाली. त्या हातावर माझा पुरा विश्वास होता. तो हात शेवटचा माणूस पोचल्याशिवाय कधी खाली आलेला मी बघितला नव्हता. बबनदादा असो, तात्या असो, दम लागलेला म्हातारा ट्रम्पेटवाला असो, हात वर थांबायचा म्हणजे थांबायचा.

हात खाली आला.

मी मॅडमच्या ठोकळ्यांकडे बघितलं. चारच होते.

"पप्पा," मी म्हणाले, "हात चुकला तुमचा. मॅडमचं राहिलंय."

मी ओरडले नाही, रडले नाही. बबनदादाला सांगतात तसं सांगितलं. शेडगे बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. पप्पांचा हात तसाच अधांतरी राहिला, मग त्यांनी तो खिशात घातला. त्यांच्या बँडात त्यांना असं आजवर कुणी बोललं नव्हतं. तात्यासुद्धा नाही.

मॅडमनी खुर्ची पुढं ओढली आणि आपले राहिलेले ठोकळे लावायला घेतले. एक चुकला, तो काढून पुन्हा लावला. त्यांचा शेवटचा खाली आला तेव्हा माझाही आला.

"छान," त्या म्हणाल्या. आणि डबा बंद करत, माझ्याकडे न बघता, "वय लहान आहे. पुढच्या वर्षी बघू या."

पुढच्या वर्षी कुणी बघायला आलं नाही, पण ते तेव्हा कुठं माहीत होतं. मला एवढंच कळलं की मी वर जाणार नाही. बाहेर नळाजवळ जाऊन मी रडले. चांगली नाक गळेपर्यंत रडले. काय करायचं हे माहीत असलं म्हणून रडू येत नाही असं थोडंच आहे.

पप्पांनी मला सायकलवर पुढं बसवलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी सायकल थांबवली, पाय टेकला. "चुकला खरा," ते म्हणाले, आणि पुन्हा पायडल मारलं.

आईला मीच सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"तुला जायचं न्हवतं का?"

"होतं."

"मग?"

"मॅडमचं झालं नव्हतं."

आईचे हात परातीत थांबले. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिनं उलटली नाही. मग ती उठून बाहेर गेली, ती अंधार पडेपर्यंत शेडमध्ये वाद्यं पुसत बसली. रविवारभर ती माझ्याशी बोलली नाही. मार बरा वाटला असता. मी तिच्या मागं मागं हिंडत होते, पाणी आणून देत होते, आणि ती पाणी घेऊन भांडं परत देत होती, डोळ्याला डोळा न भिडवता.

सोमवारी सकाळी तिनं माझी वेणी घातली, स्वतः लुगड्यावर ठेवणीतली शाल घेतली आणि म्हणाली, "चल. मी येते."

मला वाटलं, आता ही सरांच्या पाया पडणार. शाळेपर्यंत मी त्याच भीतीनं चालले. माझी आई कुणाच्या पाया पडताना मला बघायची नव्हती.

पण ती ऑफिसात गेलीच नाही. सरळ आमच्या वर्गाच्या दारात आली. शेडगे बाई हजेरी घेत होत्या.

"बाई," आई दारातूनच म्हणाली, "पोरगी वर जायला न्हाई म्हणती."

"माहीत आहे, सरगमची आई. मी तिथंच होते."

"मला राग आला. अजून बी हाय. पर ती न्हाई म्हणली ते ऐकून घ्यावं लागंल आता." तिनं शाल सावरली. "तर वर काय शिकवत्यात, ते हितं शिकवा. हिलाच न्हाई. समद्यांना शिकवा. एकटी हिला शिकवलं तर ती पुन्हा थांबून बसंल."

वर्गात खसखस पिकली. बाई हसल्या नाहीत. "मला तो अभ्यास दिलेलाच नाही," त्या म्हणाल्या. "वर काय चालतं, मलाही माहीत नाही. मला वर जायला सांगितलेलं नाही."

"तुमी मास्तरीण हाय, आणि तुमाला बी म्हाईत न्हाई?"

"नाही."

"मग चला. बघून येऊ."

बावीस वर्षं बाई शाळेत होत्या, आणि त्या बावीस वर्षांत त्यांनी आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. त्यांनी हजेरीवर पेन ठेवलं, साडीचा पदर खोचला आणि वर्गाकडे वळून म्हणाल्या, "उठा. दोन-दोनची रांग. जिन्यावर बोलायचं नाही."

पुढं आई, मग बाई, मग मी, आणि मागं आमचा अख्खा वर्ग. जिन्यावर कुणीही बोललं नाही. चपलांचा आवाज मात्र असा येत होता की खालच्या सगळ्या वर्गांची दारं उघडली.

वर पल्लवी टीचर शिकवत होत्या. नव्या होत्या, तरुण होत्या. दारात एवढी गर्दी बघून त्यांचा खडू फळ्यावरच थांबला. फळ्यावर लिहिलं होतं, 'मुंग्या रांगेतच का चालतात?'

"काय झालं, बाई?"

"काही नाही," शेडगे बाई म्हणाल्या. "आम्ही मागे बसतो. तुम्ही शिकवा."

आमची पोरं भिंतीला लागून, टेबलांच्या मधे, खिडकीखाली, जिथं जागा मिळाली तिथं फरशीवर बसली. आई दाराच्या आतल्या बाजूला मांडी घालून बसली. ओजस रंगीत खुर्चीतून वळून म्हणाला, "टीचर, हे सगळे खालचे आहेत."

"आता वरचे हायत," आई म्हणाली. "तू फळ्याकडं बघ."

पल्लवी टीचरनी एकदा बाईंकडे बघितलं, एकदा फळ्याकडे. मग त्या म्हणाल्या, "बरं. सांगा बघू, का चालतात?"

आणि मग जो काही गोंधळ उडाला. खालचे, वरचे, सगळ्यांचे हात एकदम वर. कुणी म्हणालं, त्यांना चुकायची भीती वाटते. कुणी म्हणालं, पुढच्या मुंगीला वास येतो. कुणी म्हणालं, त्यांची पण शाळा असते आणि बाई रागावतात. टीचर एकेकाचं फळ्यावर लिहीत गेल्या. त्यांचा खडू संपला, तेव्हा त्यांनी दुसरा घेतला. मी काय सांगितलं ते मला आठवत नाही, पण मी हात वर केला आणि कुणी विचारायच्या आधीच बोलले, एवढं आठवतं. त्यानंतर मी गप्प बसलेली नाही.

तेवढ्यात शिपाईमामा धापा टाकत दारात आले. आत बसलेला सगळा वर्ग बघून ते दोन पावलं मागं सरले, मग आईकडे वाकून हळूच म्हणाले, "वैनी, मोहिते सर लई तापल्यात. तुमाला आन् बाईंना आत्ताच्या आत्ता ऑफिसात बोलवलंय."

आईनं फळ्यावरची नजर हलवली नाही.

"तास संपू दे," ती म्हणाली. "मग येतो."